नाव घेतल्याशिवाय पेटी उघडंना

कोल्हार, ता. ७ फेब्रुवारी १९९९

चि. रश्मी हिस,

नावामागं 'सौ.' लिहावं का न्हाई, ह्यात माझी सकाळ गेली, मंग नुसतं चि. लिहिलं. आशीर्वाद मातूर तेच हायेत जे तू सून हुतीस तवा हुते. कोर्टानं त्यात काय बदल केल्याचं माझ्या कानावर न्हाई.

तुझ्या श्रीरामपूरच्या मावशीनं पेटी पोचती केली. कॉम्प्युटर म्हनलं की मला वाटलं टीव्हीएवढं काय तरी आसंल, ही तर पाटीएवढी, वहीसारखी मिटती. गव्हाच्या कनगीत पोत्याखाली ठेवलीय. ह्यांना, म्हंजे आबांना, सांगितलं न्हाई. काडीमोडाच्या बैठकीत त्यांनी चारचौघांत शब्द दिलाय, की आमच्या घरातून त्या घरी येनं-जानं न्हाई आन् फोनबी न्हाई. दिल्या शब्दाला ते कसं चिकटून बसत्यात ते तू बघितलंयस.

पेटीतली तुझी चिठ्ठी वाचली. परत परत वाचली. 'जूनमध्ये कंपनी मला आणि नंदिनीला परदेशी पाठवते आहे. तिथला पत्ता मी देणार नाही. तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी शेवटी त्याच्या आई आहात. नातीशी बोलायचं असेल तर हे मशीन शिकून घ्या, तिची पत्रं यावर येतील.' कोर्टाच्या नोटिशीतबी ह्यापरीस जास्त माया आसती गं.

रागावू नको, पन मी रागावलेय. संदीपचा हात उठतो हे तुला ठावं तसं मलाबी ठावं. त्या दिवशी तुला आन् नंदीला कोल्हारच्या स्टँडवर पुन्याच्या गाडीत कुनी बसवलं? तुझी पिशवी कुनी भरली? ह्याच हातांनी. आन् आता मी 'त्याच्या आई'. बरं बाई. हाय मी त्याची आई, न्हाई म्हनून कुठं जाऊ? पन नातबी माझीच हाय. आन् मी तिला सोडनार न्हाई. जूनच्या आत हे मशीन शिकले न्हाई तर नावाची चांगुणा न्हाई.

आता अडचन ऐक. पेटी उघडली, बटन दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची धार लागली. भ्याले. मंग थांबली आन् नाव विचारलं. तू लिहिलंयस, नावाच्या जागी आबांचं नाव घाला आन् पासवर्डच्या जागी नंदिनीचं. इंग्रजी अक्षरं मला येत्यात, नंदीला बालवाडीत ती मीच गिरवून घेतली. मी 'आबा' लिहिलं. पासवर्डच्या जागी तर कळा मेल्याच, एक अक्षर उमटंना. बोट दुखूस्तवर दाबलं. शेवटी पेटी म्हनली, चूक. परत केलं, परत चूक. सुनबाई, मला हरवायला मोडकी पेटी तर धाडली न्हाईस ना?

उत्तर मावशीच्या हाती दे, घरी धाडू नको.

चांगुणा


कोल्हार, ता. २६ फेब्रुवारी १९९९

चि. रश्मीस आशीर्वाद.

तुझ्या दोन ओळी पोचल्या. 'आबा चालणार नाही. त्यांचं खरं, पूर्ण नाव घाला. पासवर्ड दिसत नसतोच, मागून कुणी वाचू नये म्हणून.'

पासवर्डाचं पटलं. शहानी पेटी हाय. पन पयल्याचं काय करू?

तू पुन्याची, तुला ह्यातलं ठावं न्हाई. तू तर संदीपला 'ए संदीप' म्हनायचीस, आन् माझ्या जावा तोंडाला पदर लावायच्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांचं नाव एकदाबी घेतलेलं न्हाई. रेशनच्या दुकानात कार्ड पुढं करते. दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं इचारलं तवा मी संदीपकडं बोट केलं, 'ह्याच्या बापाचं लिहा'. एकदा मळ्यात बैल उधळला, ते पाठमोरे हुते, तरी तोंडातून 'अहो, बाजूला व्हा' इतकंच निघालं. आन् तू म्हनतेस, बस आन् लिही. एकेक अक्षर करून!

म्हनलं, लिहिनं म्हंजे काय घेनं न्हवं. कनगीमागं बसले. पयली कळ दाबली आन् तिथंच थांबले. पेटी मिटली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला माझाच संताप आला. नात समुद्रापार चाललीय आन् ही म्हातारी लाजतीय!

मंग आठवलं, नाव घ्यायला एक जागा हाय की. लग्नात उंबऱ्यावर नणंदा दार अडवून हुभ्या ऱ्हात्यात, उखाना घेतल्याबिगर नवरीला आत सोडत न्हाईत. तिथं घेतलेलं चालतं. आन् ही पेटी दुसरं काय करतीय? दार अडवून नावच इचारतीय. मी पदर घेतला, पेटीला हळदीकुंकू लावलं (जरासं कळांच्या फटीत गेलं, 'के' अक्षर तवापासून जड चालतंय), आन् म्हनलं:

प्रवरेला आलं पानी, भरले पाटोपाट,
राधाकृष्णरावांचं नाव घेते, पेटीबाई, सोड माझी वाट!

आन् त्याच दमात लिहून काढलं. रावांचं सोडून दिलं, नुसतं नाव. मंग नंदीचं, न दिसनाऱ्या अक्षरांत. कळ दाबली. आन् सोडलं की गं आत! मी एकटीच हसले, मंग डोळ्याला पानी आलं, का ते इचारू नको.

एक इचारते. पासवर्डाला नंदीचं नाव ठेवलंयस, ते मला पटत न्हाई. संदीपला पयलं तेच सुचंल. कसा बदलायचा ते लिही.

आता पुढचं सांग. पत्रं ह्यातून येनार कुठनं? वस्तीवर फोनाची तार न्हाई, ते तुला ठावं हाय.

चांगुणा


कोल्हार, ता. २१ मार्च १९९९

चि. रश्मीस,

ह्या खेपेला तू पाच पानं लिहिलीस. शेवटी 'तब्येतीला जपा'बी लिहिलंस. ती ओळ लंकाबाईला वाचून दाखवली.

लंकाबाई तुला आठवत आसंल, वस्तीच्या तोंडाशी किरानाचं दुकान हाय ती, तोंडानं फटकळ. सरकारनं गावाला जो बिनतारी फोन दिला तो तिच्याच दुकानात बसवलाय. पत्र्यावर लोखंडी खांब, त्याला वर मासळीच्या काट्यावानी एरियल, शेजारी उनावर चालनारी काचेची फळी, आन् आत डबा. तार न्हाई, बोलनं हवेतून जातं. तू लिहिलंस, 'तोच वापरा, त्याच्यातून जाईल, फक्त हळू जाईल.'

तू सांगितलं तसं पत्त्याच्या पानाएवढं मोडेम पेटीच्या कुशीत सारलं, त्याची वायर डब्याला लावली. सांगितल्यात त्या दोन्ही ओळी लिहिल्या. एक, की फोनचा सूर ऐकायची वाट बघू नको, कारन आमच्या बिनतारीचा सूर येगळा हाय, मोडेमला तो कळत न्हाई. दुसरी, की हळू बोल. कळ दाबली. पेटीनं पुन्याचा नंबर फिरवला, मंग आतून शिट्ट्या, खरखर, जनू बोक्यांचं भांडान. लंकाबाई गिऱ्हाइकाला तेल मापत हुती, तिनं धावत येऊन फोन उचलला आन् वरडली, 'कोन मेला बाईमानसाच्या फोनात शिट्ट्या मारतोय?' झालं. पडद्यावर आलं, 'नो कॅरियर', म्हंजे तुटलं.

तिला समजावलं. परत केलं, 'नो कॅरियर'. दर खेपेला शिट्टी व्हती, जरा येळ तग धरती, मंग तुटती. कदी कनेक्ट म्हनायच्या आत, कदी म्हनल्यावर लगीच. रोज दुपारच्याला जाते, शेंगा निवडायचं सूप संगं नेते म्हंजे लोक इचारत न्हाईत. तरी इचारत्यातच.

फोनची देखभाल करनारा काकासाहेब आला हुता. पेटी बघून त्यानं डोक्याला हात लावला.

'मावशी, ह्यो फोन नुसता बोलायचा. ह्याच्यातून कॉम्प्युटर जात न्हाई.'

'तुमी घालून बघितलाय का कदी?'

'न्हाई.'

'मंग कशावरून?'

लंकाबाईकडचा चहा पिऊन गेला. मीबी हटनार न्हाई.

आता आबांचं ऐक, न्हाई तर दुसऱ्या कुनाकडनं कळंल. परवा दळान करायला त्यांनी कनगीत हात घातला आन् पेटीच वर आली. मला हाक मारली. 'ही कुनाची?' मी म्हनलं, 'तुमच्याच नावाची हाय.' खोटं न्हवतं ते. म्हनाले, 'दाव.' मी उघडली, बसले, आन् त्यांच्यादेखत त्यांचं नाव लिहिलं. पडद्यावर उमटलं. ते चष्मा लावून वाकले आन् बघतच ऱ्हायले. मी मान खाली घातली, कानाच्या पाळ्या तापल्या हुत्या.

'तू लिवलंस?'

'मंग काय लंकाबाईनं?'

मंग मी सगळं सांगितलं, नंदीचं, जूनचं. मला वाटलं, आता शब्दाचं कायतरी काढनार. काढलंच. म्हनाले, 'बैठकीत मी काय बोललो? आमच्या घरातून फोन जानार न्हाई. लंकाबाईचं दुकान आमचं घर हाय का?' आन् पेटी स्वता फडक्यात बांधून दिली. तवापासून मी दुकानात बसते तवा गुरांचं पानी ते बघत्यात.

पन लागत न्हाई गं अजून. मार्च सरत आला. आनखी काय करू ते लिही. पासवर्ड बदलला, तू लिहिलं तसा. नवा काय ते कागदावर लिहीत न्हाई.

चांगुणा


कोल्हार, ता. २० एप्रिल १९९९

चि. रश्मी,

परवा अक्षय्य तृतीयेला संदीप आल्ता, नाशकाहून, एकटाच. नवी सून माहेरी गेलीय म्हने. मी आमरस केला, कुरडया तळल्या. पान वाढलं. दोन घास खाल्ले आन् म्हनला, 'आई, बाजारात लोक सांगत्यात, तू लंकाबाईच्या फोनावर कॉम्प्युटर घेऊन बसतीस. कुठंय?'

मी खोटं बोलले न्हाई. कनगीवर हाय म्हनले. तो उठला, खरकट्या हातानं पेटी घेतली, उघडली. बापाचं नाव त्याला सुचलंच, त्यानं लिहिलं. पासवर्डाला पयलं नंदीचं नाव घातलं. मी चुलीपाशी हुभी हुते, पडद्यावरनं डोळा हलवला न्हाई, मीच बदललाय हे ठावं आसूनबी. पेटीनं चूक म्हनलं. तुझं घातलं, चूक. माझं घातलं, देवीचं घातलं, गावाचं घातलं. मंग माझ्याकडं वळला.

'काय हाय पासवर्ड?'

'सांगनार न्हाई.'

'माझी पोरगी हाय ती!'

'व्हय. तुझीच हाय. तिला तुझ्याशी बोलायचं आसंल तर ती बोलंल, मोठी व्हईल तवा. आज मी सांगनार न्हाई.'

'तू माझी आई हायेस का तिची?'

तुझाच प्रश्न गं. दोगंबी मला तेच इचारता! मी म्हनले, 'तुझी आई हाय म्हनूनच तुझा हात मला ठावं हाय.' त्यानं तोच हात उगारला, माझ्यावर न्हाई, पेटीवर. तवा आबा पडवीतून आत आले. पेटीवर हात ठेवून हुभे ऱ्हायले. संदीप ताटावरून उठून गेला. आमरसाची वाटी तशीच भरलेली.

मला लई लागलं, रश्मी. खोटं कशाला सांगू. पोटचा पोर सनाच्या दिवशी उपाशी गेला. मी ते ताट झाकून ठेवलं, सांजच्यापतुर ठेवलं, वाटलं यील फिरून. न्हाई आला. आन् नंदीशी तर अजून एक अक्षरबी बोलले न्हाई मी.

दुसऱ्या दिवशी रागारागातच दुकानात गेले. म्हनलं, आज ही पेटी लागंल न्हाई तर मी हितनं उठनार न्हाई. नंबर फिरवला, शिट्टी झाली, पडद्यावर कनेक्ट आलं, आन् तुटलं. वर पत्र्यावर कायतरी कुरकुरलं. परत केलं, परत तुटायच्या येळला वर कुरकुर. बाहीर जाऊन बघते तर काय? लंकाबाईनं धुण्याची दोरी एरियलच्या खांबाला बांधलेली! एक टोक लिंबाला, एक सरकारी खांबाला. वर वल्ल्या गोधड्या. वारं आलं की गोधडी फुगती, खांब वाकतो, एरियल दुसरीकडं तोंड करती.

'लंकाबाई, हे काय गं?'

'खांब रिकामाच हुता की,' ती म्हनली. 'आन् बोलनं तर येतंय लोकांचं.'

बोलनं येतंय, कारन मानूस खरखरीतबी समजून घेतो, परत इचारतो. पेटीला ते जमत न्हाई, ती लगीच तुटती. इतके दिस मी तुझ्या मोडेमला शिव्या घालीत हुते, काकासाहेबाला घालीत हुते, स्वताला मठ्ठ म्हनत हुते, आन् दोष गोधडीचा! मी दोरी सोडली. लंकाबाई वरडली, मी ऐकलं न्हाई. गोधड्या आमच्या कुंपनावर नेऊन टाकल्या. आबांनी खांबाला खालून तान दिला, पाचर मारली, ताठ केला.

नंबर फिरवला. शिट्टी झाली. खरखर झाली. कनेक्ट. किती येळ तग धरतंय ते मी मनात मोजायलाबी भ्याले. तुटलं न्हाई. पुन्याच्या मशिनीनं नाव इचारलं, तू लिहून दिलेलं, तुझ्या खात्याचं, ते घातलं, आत गेले. तुझ्या नंदीचं पत्र तिथं पडलेलं, मार्चपासून! इंग्रजी अक्षरांत मराठी. 'आजी, तू आलीस का? मी रोज बघते.' एवढंच. आनखी चार पत्रं. चारीत तेच.

मी उत्तर लिहायला बसले आन् तिचीच पत्रं परत वाचत ऱ्हायले. लंकाबाई म्हनली, 'लिव की, मीटर पळतंय.' मंग लिहिलं, 'आले.' 'के' जड चालतं, म्हनून 'के' नसलेला शब्द सापडला ते बरं झालं. बाकीचं सावकाशीनं लिहीन.

चांगुणा


ता. ३० मे १९९९

(हे लंकाबाईच्या दुकानातून, बिनतारीनं. इंग्रजी अक्षरांत लिहितेय, चुका झाल्या तर वाचताना दुरुस्त कर.)

चि. रश्मी,

आज तुझं पत्र आलं. नंदीचं लांबलचक आलं, तिला सांग की दात पडला तर उंदराला द्यायचा, तिकडं उंदीर नसले तरी खिडकीतून टाकायचा. मराठी बरी लिहिती, 'ळ' कसा लिहायचा इंग्रजीत ते तिनंच मला शिकवलं.

तुझंबी वाचलं. तू लिहिलंस, 'आई, संदीप ताटावरून उठून गेला ते मला मावशीकडून दुसऱ्यांदा कळलं. तुम्ही त्यातलं निम्मंच लिहिलं होतं.' बाई, ते पेटीवर हात उगारल्याचं लिहिलं हुतं की. दाराबाहीर जाऊन तो काय काय बोलला ते लिहिन्याजोगं न्हवतं. त्याला मी तांदूळ आन् आंबे धाडलेत नाशकाला, पोचले म्हनून निरोपबी न्हाई. धाडत ऱ्हानार. तो माझाच हाय, त्याचं मी बघंन. त्यात तुला पडायचं कारन न्हाई.

'आई' म्हनलंस, ते वाचलं.

मंग शेवटी तू तिकडचा पत्ता दिलास. रस्ता, घराचा नंबर, मजला, फोन. न मागता. तू लिहिलंस, कागदावर उतरवून जपून ठेवा. ते मातूर मी ऐकनार न्हाई. कागद घरात सापडतो. पेटीतूनबी सापडतो, आज पासवर्ड हाय, उद्या कुनी दुसरा हिकमती निघंल. संदीप परत यीलच, मी आई हाय त्याची, त्याला घरात घेईनच.

म्हनून आज दुपारभर बसून तो पत्ता पाठ केला. इंग्रजी नावं, जीभ वळत न्हवती. लंकाबाईला बाहीर धाडलं आन् एकटीच म्हनत बसले. चुकले, परत म्हनले. येतोय असं वाटलं तवा पेटी मिटून म्हनला, मंग उघडून पडताळला. सगळा बरोबर.

मंग तुझं पत्र पुसून टाकलं. आबांनाबी सांगितला न्हाई, त्यांनी इचारलाबी न्हाई. आता तुमच्या दारचा पत्ता फकस्त माझ्या डोक्यात हाय. तिथनं कुनी काढून दाखवावा.

चांगुणा